मंडणगड ते राजापूर, चाळीस पावलं

हातात चिठ्ठ्या आल्या की ते चष्मा कपाळावर ढकलायचे, चिठ्ठ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरायचे आणि रमीचा डाव लावावा तशा हातातल्या हातात लावून घ्यायचे. एक मागे, दोन पुढे, एक मधे. व्हरांड्यातल्या बाकावर सकाळी सातपासून बसलेला कुणीतरी ते टक लावून बघत असायचा.

"ओ, मी पयला आलोय. माझी चिठ्ठी खाली कशी गेली?"

"आज होईल," ते मान वर न करता म्हणायचे.

"पन कधी?"

"आज."

यापलीकडे त्यांनी कुणाला वेळेचं आश्वासन दिलेलं मला आठवत नाही. आणि दिलेलं हे एवढं आश्वासन मोडलेलंही आठवत नाही. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस आला असेल. बँकेत, कचेरीत, एसटी स्टँडवर. त्याच्याकडे बघून आधी आपला संताप होतो आणि काम होऊन बाहेर पडल्यावर आपण त्याला विसरून जातो. मी विसरले नाही, त्याला कारण आहे, आणि ते फारसं माझ्या बाजूचं नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. रत्नागिरीत मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता. आता तिथे लॉज आहे. मी तिथे नोंदणीच्या टेबलावर हंगामी कारकून होते आणि ते केसपेपरांच्या खोलीचे मालक. मालक म्हणजे पगारी नोकरच, पण त्या खोलीत सेक्रेटरीसुद्धा विचारल्याशिवाय पाय ठेवत नसत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. छापील कागदावर आपलं नाव आलं म्हणजे काहीतरी भानगड आहे, असं समजणाऱ्या पिढीतले ते होते. मी त्यांना काका म्हणायचे.

खोली पूर्वी आंब्याच्या पेट्यांची वखार होती. लांबच लांब आणि अरुंद. एका बाजूला जांभ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला व्हरांडा आणि व्हरांड्याकडे उघडणाऱ्या गजांच्या खिडक्या. आत नऊ तालुक्यांचे नऊ रॅक ओळीने, नकाशात असतात तसे. या टोकाला मंडणगड, मग दापोली, खेड करत करत चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, आणि पार त्या टोकाला राजापूर. माझं टेबल साधारण मधे, रत्नागिरीच्या रॅकसमोर. मंडणगड ते राजापूर चाळीस पावलं भरायची. त्यांची चाळीस. माझी सेहेचाळीस.

या खोलीत राहून राहून त्यांची भाषाही तशीच झाली होती. "मी जरा खेडला जाऊन येतो," म्हणाले की पंधरा पावलांवर समजायचं. एकदा त्यांच्या मेहुण्यांचा फोन आला. नव्या झाडूवाल्या बाईंनी खिडकीतून विचारून घेतलं आणि फोनवर सरळ सांगितलं, "ते चिपळूणला गेलेत. तिथनं गुहागर करून येनार." मेहुणे बिचारे दोन दिवसांनी त्यांचा ठावठिकाणा शोधत आले.

कामाची रीत सोपी होती. जुना पेशंट आला की चिठ्ठीवर गाव आणि नंबर लिहून टेबलावर द्यायची. काका रॅकमधून केसपेपर काढायचे आणि त्याच रॅकच्या खिडकीतून नाव पुकारून पेशंटच्या हातात ठेवायचे. तो घेऊन पेशंट डॉक्टरांकडे जाई. मोठे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरहून यायचे. जुना कागद पाहिल्याशिवाय ते कुणाच्या डोळ्यावर बॅटरी मारत नसत, आणि अंधाराच्या आत आंबा घाट चढून जायचा म्हणून चारच्या ठोक्याला गाडीत बसत. चारच्या आत कागद मिळाला नाही की पेशंटची फेरी फुकट.

काका मूळचे राजापूर तालुक्यातल्या नाट्याचे. घर मासेमारीचं, पण ह्यांना होडी लागायची. खाडी ओलांडून होडी उघड्या समुद्रात शिरली की हे आडवे. बापाने दोन हंगाम वाट पाहिली आणि मग शाळेत नेऊन बसवलं. "बापूस म्हणाला, ह्याच्याच्यान पाणी होत नाय, कागद तरी होतो काय बघू," असं ते स्वतःच सांगायचे. बायको-मुलं नाट्याला, हे इथे मांडवीला एका खोलीत. शनिवारी गावाला जायचे, सोमवारी सुक्या बांगड्यांचा वास घेऊन यायचे. सोमवारी त्यांच्या खिडकीपाशी मांजरांची गर्दी पेशंटांपेक्षा जास्त असे.

त्यांचे नियम दोन. चिठ्ठीशिवाय कागद जागचा हलवायचा नाही. आणि काम झालेली चिठ्ठी फाडायची नाही, तारेत ओवायची. एकदा खुद्द सेक्रेटरींनी आपल्या व्याह्यांचा कागद तोंडी मागितला, तेव्हा काकांनी एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली होती.

मी तेव्हा टपालाने कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. गावात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर होता, त्यावर आठवड्यातून एक तास माझी पाळी. शेवटच्या प्रकल्पासाठी विषय आला, डिस्कवरची माहिती लवकर मिळवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींची तुलना. पुण्याच्या मार्गदर्शकांनी पत्रात वर लिहिलं होतं, "नुसतं पुस्तकातलं उतरवून काढू नये. प्रत्यक्ष मोजमाप हवे." आता मी मोजणार कशावर? क्लासवाले त्यांच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसायलाही मला हात लावू देत नव्हते. माझ्या जिवाला घोर लागला होता.

एका मंगळवारी दुपारी टेबलावर बसून काकांकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांचा डबा खाऊन व्हायची वाट बघितली आणि गाठलं.

"काका, डिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीसारखी थाळी असते. तिच्यावर एक हेड आतबाहेर सरकतं. माहिती कुठे कडेला असते, कुठे मधे. एकाच वेळी खूप जण माहिती मागतात, पण हेड एकच. मग त्याने कुणाकडे आधी जायचं?"

ते बोटं चाटायचे थांबले. "थाळी म्हणजे ही खोली."

"हो."

"आणि तो हेड म्हणजे मी."

"हो."

"बरं झालं. तीस वर्षांत हेडक्लार्क नाय झालो, हेड तरी झालो." मग जरा वेळाने म्हणाले, "मला काय करायचं?"

त्यांनी फक्त चालायचं होतं. मोजणार मी. तीन पद्धती घेतल्या, प्रत्येकीला दोन आठवडे. पहिली, जो आधी आला त्याचा कागद आधी. दुसरी, हेड जिथे उभं आहे तिथून सगळ्यात जवळ जो कागद असेल तो आधी. तिसरी म्हणजे काका आजवर करत आले ती, म्हणजे हातात चिठ्ठ्या लावून घेऊन मंडणगडाहून निघायचं, वाटेतले सगळे कागद काढत राजापूर गाठायचं आणि येताना परत आलेले जुने कागद जागच्या जागी ठेवत यायचं. पुस्तकात या तिसरीला भारदस्त इंग्रजी नाव होतं. ते मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "जाताना काढायचं, येताना ठेवायचं. ह्याला नाव कशाला लागतं?"

पहिल्या पद्धतीत त्यांचे हाल झाले. मंडणगड, लगेच राजापूर, परत खेड, परत लांजा. दुपारपर्यंत त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. बाकावरचे लोक मात्र खूश. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पहिल्याचा नंबर पहिला लागत होता. संध्याकाळी पाय बादलीत सोडून बसलेले काका म्हणाले, "तुझ्या मशीनला पाय नाहीत म्हणून बरं."

दुसऱ्या पद्धतीत मी टेबलावर ट्रेमध्ये चिठ्ठ्या तालुक्याप्रमाणे लावून बसले. काका जिथे असतील तिथून जवळची चिठ्ठी निवडून नंबर पुकारायची. ते काढायचे, खिडकीतून द्यायचे, की पुढची जवळची. काम असं सरसर व्हायला लागलं की विचारू नका. त्यांची पावलं निम्म्याने कमी झाली. पेशंटच्या थांबण्याच्या वेळेची सरासरी तिन्ही पद्धतींत सगळ्यात कमी आली. काकांच्या स्वतःच्या पद्धतीपेक्षाही कमी. मी तक्ता काढला, आलेख काढला, लाल-निळ्या शाईने रंगवला आणि नाचत नाचत त्यांना दाखवायला घेऊन गेले.

त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "शेवटच्याला किती वेळ लागला?"

"काका, तसं बघत नाहीत. सरासरी बघायची."

"ही सरासरी कुठच्या तालुक्यातली?"

मी हसले. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपली हार सोसत नाही. तीस वर्षं जी रीत केली तिला कालची पोर तक्त्यात खाली ढकलते म्हटल्यावर कुणाला बरं वाटेल? मी त्यांना सरासरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. आज हे लिहिताना कानाच्या पाळ्या तापतात.

तक्ता सेक्रेटरींपर्यंत गेला. ते निवृत्त हेडमास्तर, गणितावर जीव. त्यांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की यापुढे केसपेपर याच पद्धतीने काढावेत. मला कायम करण्याचा विचार असल्याचंही त्यांनी जाता जाता सुचवलं. वडील गेल्यापासून घरात एकटी मीच कमावती होते आणि तीही हंगामी. कायम या शब्दाचं मोल मला किती होतं ते सांगत बसत नाही. मी त्या दिवशी काकांसाठी पेढे आणले. त्यांनी एक खाल्ला आणि एक कागदात बांधून खिशात ठेवला. "मोठी हो गो," म्हणाले. मनापासून म्हणाले.

पुढचे दोन महिने सगळं सुरळीत चाललंय असं मला दिसत होतं. एकच बारीक खटकायचं. अधूनमधून काका खिडकीतून नाव पुकारायचे आणि कुणी उठायचंच नाही. लांज्याच्या खिडकीतून एक, दोन पावलांवर पुढे आणखी एक, मग राजापूरच्या सुरुवातीचं एक. "कंटाळून गेला असेल," असं म्हणून ते कागद परत जागेवर ठेवायचे. त्यानंतरची चिठ्ठी बहुतेक वेळा खाली नाट्याची नाहीतर त्या बाजूच्या गावांची असायची, आणि तिथे मात्र कुणीतरी लगबगीने उठायचं.

दर तीन महिन्यांनी सेक्रेटरी तारेतल्या चिठ्ठ्या डॉक्टरांच्या वहीशी ताडून बघत. एका सोमवारी त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलावर तार पडली होती, आणि तिच्याशेजारी टाइप केलेलं एक पत्र. मला कायम करण्याचं पत्र होतं ते, फक्त सही व्हायची होती.

"तीस-पस्तीस चिठ्ठ्या अशा आहेत," सेक्रेटरी म्हणाले, "की कागद निघाला, पण पेशंट डॉक्टरांकडे गेलाच नाही. म्हटलं, बघू कोण आहेत. त्यात ही चिठ्ठी. लांजा. आमच्या सासूबाईंची! गेल्या शुक्रवारी आमच्या सासूबाई डोळे तपासून घ्यायला आल्या होत्या? त्यांना जाऊन चार वर्षं झाली!"

एरवी मी खुर्चीवरून पडेपर्यंत हसले असते.

"सगळी मेलेली माणसं आहेत. आणि अक्षर तुमचं आहे. हे काय चाललंय?"

तार माझ्यासमोर होती. चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने ओवलेल्या. लांज्याचा मेलेला, लांज्याचा मेलेला, राजापूरच्या वरच्या अंगाचा मेलेला, आणि मग नाट्याची एक जिवंत बाई. पुन्हा तसंच, उलट बाजूला. चिपळूणचा मेलेला, खेडचा मेलेला, दापोलीचा मेलेला आणि मग मंडणगडचा जिवंत म्हातारा. मला एका क्षणात सगळं कळलं. रत्नागिरी शहरातले पेशंट सगळ्यात जास्त. चालत येणारे, सारखे येत राहणारे. जवळचा आधी या माझ्या नियमाने काका दिवसभर मधल्याच तीन रॅकांत फिरत राहत होते. टोकाची माणसं, जी पहाटेची एसटी धरून आलेली, ती चार वाजेपर्यंत बाकावर तशीच. चिठ्ठीशिवाय कागद हलवायचा नाही हा त्यांचा नियम, आणि चिठ्ठी निवडणार मी. म्हणून डब्याच्या सुट्टीत ते माझ्या ट्रेमध्ये खोट्या चिठ्ठ्या सरकवत होते. पाऊल टाकता येईल इतक्या जवळजवळच्या. त्यांच्यावरून मीच त्यांना पुकारत पुकारत राजापूरला नेत होते. आणि त्या खोट्या चिठ्ठ्याही त्यांनी इमानाने तारेत ओवल्या होत्या!

"बोला," सेक्रेटरी म्हणाले.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पत्राकडे. "चुकलं साहेब. वय झालं. नंबर डोक्यात घोळतात."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायला हवं होतं. चूक माझ्या पद्धतीत आहे, यांनी ती निस्तरली, एवढी दोन वाक्यं होती. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते. सेक्रेटरींनी त्यांना फाटकावर चिठ्ठ्या लिहून द्यायला बसवलं. पेपरात येण्यासारखी शिक्षा नव्हती, पण तीस वर्षं ज्याच्या खोलीत कुणी विचारल्याशिवाय पाय ठेवत नव्हतं त्याच्या हातून किल्ली काढून घेतली, आणि दवाखानाभर झालं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. किल्ली माझ्याकडे आली. टेबलावर नवी हंगामी मुलगी आली. माझ्या पत्रावर सही झाली.

आता हेड मी होते. मंगळवारी दिवसभर मी रत्नागिरी, संगमेश्वर, लांजा, रत्नागिरी अशी फिरत राहिले. चार वाजता गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा राजापूरच्या खिडकीबाहेर एक म्हातारी बसलेली होती. डोळ्याला हिरवी पट्टी, मांडीवर पिशवी. "बाय, माझा कागद गावला काय गो?"

"डॉक्टर गेले, आजी. शुक्रवारी या."

शुक्रवारी ती पुन्हा आली. सकाळी सव्वादहाला चिठ्ठी दिलेली. मी दुपारी तीनला पाहिलं, साडेतीनला पाहिलं, ती ट्रेमध्ये तशीच. नवी मुलगी नोटिशीप्रमाणे जवळचे नंबर पुकारत होती, आणि ते चुकीचे नव्हते. चारला हॉर्न वाजला. म्हातारीने विचारलं, "मंगळवारी येऊ काय?" रागावली नाही. ती रागावली असती तर मी तिला काहीतरी उत्तर देऊ शकले असते. फाटकावरून काका उठून आले, तिची पिशवी घेतली, तिला हाताला धरून एसटीकडे घेऊन गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बघितलं असतं तरी त्या नजरेत राग नसता, हे मला माहीत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

सोमवारी मी सेक्रेटरींसमोर नवा तक्ता ठेवला. त्यात एकच रकाना वाढवला होता, सगळ्यात जास्त कोण थांबलं आणि किती. आकडे जुनेच होते, माझ्याच वहीतले. फक्त तेव्हा मी ते मांडले नव्हते. मग तारेतल्या चिठ्ठ्यांचा अर्थ सांगितला.

सेक्रेटरींनी तार पुढे ओढून एकेक चिठ्ठी सरकवून बघितली. "मग त्या दिवशी दातखिळी बसली होती का?"

"हो," मी म्हटलं.

सही झालेलं माझं पत्र त्यांनी परत घेतलं, कायम होणं सहा महिने पुढे गेलं. भिंतीवरची नोटीस उतरली आणि काकांची जुनी रीत परत आली. काकांना त्यांनी स्वतः फाटकावर जाऊन परत खोलीत यायला सांगितलं, आणि काका आले नाहीत. "चिठ्ठ्या खोट्याच होत्या साहेब. तिने सांगितलं म्हणून खऱ्या होत नाहीत." निवृत्त होईपर्यंत फाटकावरच बसले. मी रोज डबा घेऊन तिकडे जायचे. जाताना काढायचं, येताना ठेवायचं, यात किती बारकावे असतात ते त्यांनी मला तिथे शिकवलं.

एकदा विचारलं, "मेलेल्यांचीच नावं का?"

"जित्या माणसाच्या नावावर खोटी चिठ्ठी कशी लिहू गो? उद्या त्याला काय झालं तर? मेलेल्यांना काय, घाई नाय."

"पण मला सांगायचं की. मी ऐकलं असतं."

"तू किती खूश होतीस," ते म्हणाले आणि बांगड्याचा तुकडा माझ्या भातावर ठेवला.

मी ऐकलं नसतं. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही. त्या सोमवारी खोलीत मी गप्प का बसले, हे मात्र आमच्यात कधी निघालं नाही. मला काढवलं नाही.

निवृत्त होऊन ते नाट्याला गेले. दोन-अडीच वर्षांनी त्या बाजूच्या एका पेशंटकडून कळलं की ते वारले. पण त्याआधी एका शुक्रवारी ते आले होते, पेशंट म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. स्वतः चिठ्ठी लिहून टेबलावर दिली आणि राजापूरच्या खिडकीसमोर जाऊन बसले. मी तेव्हा राजापूरहून परत फिरले होते, लांज्याच्या रॅकशी कागद ठेवत होते. मला ते दिसले. त्यांचा कागद माझ्यापासून सहा पावलांवर होता.

मी वळले. माझ्या पावलांचा आवाज वळलेला त्यांनी ओळखला असावा, कारण डोळ्यांना एवढ्या लांबचं दिसत तर नव्हतंच. त्यांनी बाकावरून हात वर केला आणि नुसती बोटं हलवली. जा, पुढे जा.

तीन वाजून गेले होते. मी कागद ठेवत ठेवत मंडणगडापर्यंत गेले. वाटेत टेबलावरून उचललेल्या चिठ्ठ्या तिथे लावल्या, आणि निघाले. मंडणगडचे दोन, खेडचा एक, चिपळूणचे चार. रत्नागिरीला ही रांग. एकेक कागद काढून खिडकीतून देत होते आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते. लांजा झालं. राजापूरला तीन चिठ्ठ्या होत्या, काकांची शेवटची. चारला पाच कमी असताना मी त्यांचा कागद गजांतून बाहेर धरला.

"काका, त्या दिवशी मी गप्प बसले. मला क्षमा करा."

"कागद सोड गो," ते म्हणाले. "डॉक्टर उठतील."

मी कागद घट्ट धरून ठेवला होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या मुठीवर हात ठेवून ती हलकेच सैल केली, कागद घेतला आणि भिंतीला हात लावत, अंदाजाने पाऊल टाकत डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. मी गजांना धरून उभी राहिले आणि रडले. मागे नऊ तालुक्यांत एकही चिठ्ठी शिल्लक नव्हती.